आगोटीचा कटर

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की आमच्या गावात कोणी कोणाला "बरं आहे का" असं विचारत नाही. "लाकडं भरली का?" असं विचारतात. लाकडं भरलेली असली की माणूस बराच असतो, असं धरून चालतात. परवा कामावर निघाले तर यमुआत्यानं तिच्या ओट्यावरून हाच प्रश्न टाकला. मी स्कूटीवरूनच "रविवारी" म्हणून ओरडले आणि दापोड्याच्या गोदामापर्यंत सगळी वाट मला तीन वर्षांपूर्वीची आगोट आठवत राहिली.

आगोट म्हणजे पावसाळ्याच्या आधीची बेगमी. मसाला कुटून झाला, सुके बोंबील डब्यात गेले, पापड वाळले, की उरतं ते सरपण. अकलोलीच्या वाटेवरची आमची गावं. इथे गॅस घरोघरी आला, पण तांदळाची भाकरी आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवरच होतं. पाण्याला चुलीचा वास नसला तर आईच्या मते ती आंघोळ झालीच नाही, नुसतं अंग ओलं झालं. म्हणून मृग लागायच्या आत पडवीत लाकडाची रास वाशांना टेकायला हवी. कोणाची रास कुठवर आली आहे हे येणारा-जाणारा मान वर करून बघतो. आमच्याकडे मुलीला स्थळ सांगून आलं की पाहुणेही आधी पडवीकडे बघतात आणि मग मुलीकडे. माझ्या वेळी पाहुण्यांना पडवी फार आवडली होती. लग्न जमलं नाही, पण लाकडाचं त्यांनी कौतुक केलं.

ती रास दादांची. आम्ही वडिलांना दादा म्हणतो. भिवंडीत वीस वर्षं लूमवर ड्युटी आणि उरलेल्या वेळात शेती करून या माणसानं कुऱ्हाड कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. आगोटीचं काम सुरू करायच्या आदल्या दिवशी ते कोयता, विळा, कुऱ्हाड सगळं राखेनं घासायचे, हळद-कुंकू लावायचे, चार अक्षता टाकायचे. मग अवजाराशी बोलायचे. देवाशी बोलताना ते कधी दिसले नाहीत, पण कुऱ्हाडीशी बोलायचे. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी माझा पंजा धरून कुऱ्हाडीच्या पात्यासमोर नेला होता आणि सांगितलं होतं, "ही आमची बाय. हिचा हात वळखून ठेव." ज्याला घरच्या माणसांची नावं सांगितली नाहीत ते अवजार हात चावतं, असं त्यांचं पक्कं मत होतं. मी त्या कुऱ्हाडीला नमस्कारसुद्धा केला होता. पुढे शाळेत बाई म्हणाल्या की लोखंडाला कान नसतात. मी घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा दादा म्हणाले, "बाईंच्या कुऱ्हाडीला नसतील."

तर तीन वर्षांपूर्वी दादांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कुऱ्हाड बंद सांगितली. दादा म्हणाले, "भाकर बंद करा, ती चालंल." डॉक्टरांना तो विनोद वाटला. आम्हाला वाटला नाही.

त्याच्या आधीच्या पावसात आमच्या बांधावरची जुनी चिंच मुळासकट आडवी झाली होती. तलाठ्याला सांगून वगैरे झालं होतं. म्हणजे वर्षभराचं सरपण दाराशी आयतं पडलेलं आणि तोडणारा हात गळ्यात बांधलेला. दादा रोज सकाळी चहा घेऊन चिंचेजवळ जायचे, खोडावर बसायचे आणि परत यायचे. यमुआत्या, म्हणजे दादांची मोठी बहीण, शेजारीच राहते. तिच्या मुलांनी माणूस लावून पेट्रोलवरच्या मशीननं चार दिवसांत रास वाशाला लावली. आत्यानं ओट्यावरून विचारलं, "कारं दादू, लाकडं भरली का?" दादा घरात येऊन आईला म्हणाले, "यंदा गॅसवर भागवू."

आई चुलीपुढे बसली होती. तिच्या डोळ्यात पाणी आलं आणि तिनं धुराला दोष दिला. पण चूल पेटलेलीच नव्हती.

मला तेव्हाच कळलं की प्रश्न लाकडाचा नाहीच. तोडणारे मजूर मिळाले असते, आत्याच्या मुलांनीही दोन दिवसांत उरकून दिलं असतं. पण दुसऱ्यानं तोडलेली रास आपल्या पडवीत बघत हा माणूस चार महिने कसा बसला असता? "गॅसवर भागवू" म्हणजे "आता माझं इथे काय काम?" असा तो हिशेब होता. त्यांची रास त्यांच्या घरातल्या हातानं उभी राहायला हवी होती, आणि घरात उरलेला हात माझाच होता.

गोदामात मी खोकी तपासून पुढे पाठवते. दुसऱ्यांच्या घरी जाणाऱ्या वस्तू दिवसभर बघायच्या. त्यात बॅटरीवर चालणारी, साखळीची, हातात धरायची करवत मी किती वेळा पाहिली होती. लोक तिला कटर म्हणतात. मी एक मागवली. ती माझ्याच गोदामात आली, माझ्याच हातानं तपासली गेली आणि गाडीत चढली. दुसऱ्या दिवशी डिलिव्हरीवाल्याचा फोन, "मॅडम, आपका घर नहीं मिल रहा." मी त्या वेळी त्याच गोदामात, खोकं जिथून निघालं त्याच टेबलाशी उभी होते. स्कूटीवर पायाशी ठेवून सहज आणता आलं असतं, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. शिकलेल्या माणसाला काही गोष्टी उशिरा सुचतात.

मी खोकं उघडताना दादांनी लांबून बघितलं. आत पट्टी, साखळी, बॅटरी, चार्जर, आणि एक पुस्तिका. पुस्तिकेत मराठी सोडून जगातल्या सगळ्या भाषा होत्या. चित्रं बघून मी साखळी पट्टीवर चढवली. बाजूची चकती हातानं फिरवली की साखळी ताणली जाते. मध्यभागी चिमटीत धरून उचलली तर थोडी उठावी आणि सोडली की चट्कन परत बसावी, इतकीच ताणायची. दादा म्हणाले, "ह्या खेळण्याला मी हात लावनार न्हाय. आधीच सांगतो." मी म्हटलं, "नका लावू." त्यांनी ते आणखी दोनदा सांगितलं, म्हणजे कोणाच्या ऐकण्यातून सुटायला नको.

पहिल्या रविवारी मी गोदामातले जाड बूट घातले, चष्मा लावला, हातमोजे चढवले. आई म्हणाली, "वेल्डिंगला चाललीस का चंद्रावर?" साखळीला तेल लागतं, त्याची छोटी टाकी असते. तेल मात्र खोक्यात आलं नव्हतं, आणि गावात मिळालं नाही. आईनं बोंबील तळून उरलेलं तेल गाळून दिलं. कटर सुरू झाला, साखळी फिरली, आणि तापलेल्या बोंबलाचा असा घमघमाट सुटला की पाचव्या मिनिटाला चिंचेभोवती सात मांजरं बसली होती. मी फांदीवरून पुढच्या फांदीकडे सरकले की सगळी रांगेनं सरकायची. कापून पडलेला भुसा एका बोक्यानं चाटूनसुद्धा पाहिला आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच त्याला फसवलंय.

पण कटर कापत होता! मनगटाएवढ्या फांद्या कोथिंबिरीसारख्या पडत होत्या. दादा खोडाच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे बसले होते आणि हळूहळू कधी वळले ते मी चष्म्याच्या कोपऱ्यातून बघत होते.

"आवाजच न्हाय ह्याला," ते म्हणाले.

"चांगलं ना मग?"

"काय चांगला? कामाला आवाज पायजे. लूम बंद पडला तर आख्खी गल्ली जागी व्हायची. तुझा हा चालतो का बंद हाय, तेच कळत न्हाय."

तेवढ्यात बॅटरी संपली. चार्जरला लावली तर लाल दिवा. ती इतकी तापली होती की गार होईपर्यंत चार्ज व्हायलाच तयार नव्हती. आईनं ती नेऊन सावलीत माठाच्या बाजूला ठेवली आणि वर पदरानं वारा घातला. तिच्या पोटच्या पोरीला तिनं असा वारा घातल्याचं मला आठवत नाही. मग वीज गेली. त्या रविवारचं काम असं मांजरांच्या साक्षीनं फांद्यांपाशीच थांबलं.

मधला आठवडाभर मी ड्युटीवर. कटर पडवीत, बॅटरी घरात कपाटात. जायच्या आधी जुन्या टूथब्रशनं भुसा साफ केला. पुस्तिकेत चित्र होतं तसं सगळं केलं.

दुसऱ्या रविवारी खोडाला हात घालायचा होता. आत्या ओट्यावरून उतरून बांधापर्यंत आली, तिच्यामागे निम्मी आळी. मी कटर सुरू केला, खोडावर टेकवला आणि तो नुसताच खोडावर फिरत राहिला. जोर लावला, तसा धूर निघाला. धूर आणि थोडासा लालसर भुगा. चिंचेचा गाभा लालसर असतो, म्हणून मला वाटलं गाभ्यापर्यंत पोचले. बघते तर खोडाला नुसती गुळगुळीत, चकचकीत खाच. सुतारानं पॉलिश केल्यासारखी.

मग जमलेल्या प्रत्येकानं कारण सांगितलं. कोणी म्हणालं बॅटरी उतरली. आई म्हणाली तेल बोंबलाचं होतं, नीट गाळलं नव्हतं. आत्या म्हणाली, "चिंचंवर बाय बसते. ती झाड आडवा झाला म्हनून जात न्हाय. तिला नारळ दिला का?" मी म्हटलं, "आत्या, तुझ्या अंगणातली चिंच तोडली तेव्हा दिला होता?" ती म्हणाली, "आमच्या मशीनचा आवाज ऐकून ती पळाली." हे ऐकून दादांनी माझ्याकडे बघितलं. आवाजाचं ते आधीच म्हणाले होते ना.

मी आणखी दोनदा कटर टेकवला. दोन्ही वेळा धूर. लोक पांगले. दादा उठले, डाव्या हातानं खोडावरची ती गुळगुळीत खाच एकदा चाचपली आणि घरी निघाले. जाता जाता म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाय. कुनाला तरी लावू. न्हायतर गॅस हाय." मला त्या कटरचा, चिंचेचा, चिंचेवरच्या बाईचा आणि स्वतःचा भयंकर राग आला. आकाशात ढगांची पिल्लं दिसायला लागली होती आणि माझ्याकडे सुट्टीचे दोनच दिवस उरले होते.

सोमवारी ड्युटीवर जाताना कटर पोत्यात घालून भिवंडीत चाचांकडे नेला. दादांच्या लूमच्या दिवसांतले हे मिस्त्री. लूमचे सुटे भाग दुरुस्त करायचं एवढंसं दुकान आहे त्यांचं. आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यानं त्यांना नीट ऐकू येत नाही. यंत्राला तळहात लावून ते त्याचं दुखणं ओळखतात. मी ओरडून सगळी कहाणी सांगितली: धूर, तेल, मांजरं. त्यांनी मान डोलावली, बहुतेक काहीच ऐकलं नव्हतं. कटर मांडीवर घेतला, साखळीवरून अंगठा फिरवला आणि मोठ्यानं हसले.

"बेटा, चेन उलटी है. दाँत पीछे देख रहे हैं. ऐसे तो ये लकड़ी को सहलाएगा, काटेगा थोड़ी."

मी म्हटलं, "शक्यच नाही. मागच्या रविवारी कापत होता. मीच लावली आहे."

त्यांनी चकती फिरवून झाकण काढलं आणि साखळी सोडवून उजेडात धरली. तिच्या कड्यांच्या आत, बोंबलाच्या तेलात कालवलेलं, पिवळं काहीतरी घट्ट बसलं होतं. मध्ये मध्ये लाल. झाकणाच्या आतून तांदळाचे तीन दाणे टपकन त्यांच्या मांडीवर पडले. चाचांनी ते तळहातावर घेऊन माझ्यापुढे धरले.

"ये मशीन किसी की शादी में गई थी क्या? इसको तो हल्दी लगी है."

मी त्या दाण्यांकडे बघत राहिले. खेळण्याला हात लावणार नाही म्हणून तीनतीनदा बजावणारा माणूस! मी ड्युटीवर गेले असताना त्यांनी एका हातानं ती चकती फिरवली असणार. साखळी सोडवून राखेनं घासली असणार, हळद-कुंकू लावून, अक्षता टाकून, परत जमेल तशी चढवली असणार. वरचं पुसून टाकलं असणार, मला कळू नये म्हणून. आणि हे सगळं करताना मध्ये कुठेतरी त्या साखळीला सांगितलं असणार की ही आमची बाय, हिचा हात वळखून ठेव. मला तिथेच, दुकानात, रडू आलं.

चाचा घाबरले. "अरे रो मत बेटा, टूटा कुछ नहीं है! पाँच मिनट का काम है!"

पाच मिनिटांचंच काम होतं. पट्टीवर बाणाची छोटी खूण असते, दातांचं तोंड त्या बाजूला ठेवायचं. त्यांनी ब्रशनं साखळी साफ करायला घेतली तेव्हा मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "हल्दी रहने दो." हे त्यांना बरोबर ऐकू आलं.

घरी येऊन मी कोपऱ्यात बघितलं. कोयता, विळा, आणि वापरायची नाही असं ठरलेली कुऱ्हाड, तिघांनाही ताजं कुंकू होतं. माझा टूथब्रश पडवीच्या वळचणीला खोचलेला, पिवळाधमक. मी दादांना काही बोलले नाही. मशीन का बिघडलं होतं असं त्यांनी विचारलं, तेव्हा "आत धूळ गेली होती" म्हटलं. ते म्हणाले, "मला वाटलाच." त्यांना काय वाटलं होतं ते मी विचारलं नाही.

पुढचा रविवार, आणि शेजारचा एक रजेचा दिवस. कटर खोडात शिरला तसा भुशाचा जाड फवारा उडाला, धूर नाही की काही नाही. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं, आणि नेमकी त्याच वेळी पट्टी खोडात अडकली. खोड दोन्ही बाजूंना टेकलेलं, मध्ये पोकळी. वरून कापलं की ते खाली दबतं आणि काप मिटतो, पट्टी त्यात गच्च धरली जाते. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी ओढत होते.

"ओढू नको!" दादा बसल्या जागेवरून ओरडले. "बंद कर आधी. बॅटरी काढ." मग आले, पायानं खोडाखाली दगड सारला, डाव्या हातानं पहार अडकवून काप उघडला आणि पट्टी अलगद बाहेर निघाली. "लाकडाला बघून कापायचा, बाय. कुठं टेकलाय, कुठं लोंबतो, ते आधी बघ. हिकडं वरून थोडा, मग खालून. खालून घालताना यंत्र तुला मागं ढकलंल, पाय रोव."

त्यानंतर ते बसलेच नाहीत. काठीनं खुणा करायचे, "हितं," "आता हितं," "थांब, पलटी खाईल." मी कापायची. बॅटरी तापली की आई ती माठाकडे न्यायची आणि तोवर दादा मला नावं ठेवायचे. इतक्या वर्षांत मला लाकूड तोडायला कोणी शिकवलं नव्हतं, कारण शिकवायची वेळच दादांनी येऊ दिली नव्हती. भाकरीएवढ्या रुंद चकत्या कापून उन्हात टाकल्या की त्या आपोआप तडकतात, वरून टोला बसला की दोन होतात. तो टोला आईनं घातला. लग्नाला तीस वर्षं झाल्यावर तिला कुऱ्हाड मिळाली, आणि पहिला घाव घालताना ती अशी हसली की दादा म्हणाले, "हिच्याकडची काढून घ्या."

रास दादांनी डाव्या हातानं लावली. वाशाला टेकली तेव्हा ते खुर्ची घेऊन मुद्दाम अंगणात बसले. आत्यानं ओट्यावरून विचारलं, "भरली का रं?" ते म्हणाले, "तिन्ही मानसांनी भरली." मांजरं वर चढून बसली होती, ती त्यांनी मोजली नाहीत.

पावसाळ्यात बॅटरी कोरड्या जागी ठेवायची असं पुस्तिकेत चित्र होतं, तर आईनं ती फडक्यात बांधून तांदळाच्या पिंपात ठेवली. चार महिने रोज भात करताना ती आधी बॅटरीची चौकशी करायची, मग तांदूळ काढायची. दिवाळीत बघितलं तर बॅटरी ठणठणीत होती, पण साखळी बोंबलाच्या तेलानं पट्टीला डिंकासारखी चिकटून बसलेली. गरम पाण्याच्या फडक्यानं पुसून पुसून सोडवली. आता चेनचं तेल भिवंडीहून आणते. मांजरांनी आमच्यावरचा विश्वास काढून घेतला आहे.

पण एक गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. पुढच्या वर्षी आगोटीच्या आधी मी कटर मुद्दाम पडवीत ठेवला, बॅटरी कपाटात, टूथब्रश वळचणीला, आणि ड्युटीवर गेले. रविवारी पहाटे उठून झाकण उघडलं. आत हळद, तीन अक्षता, आणि साखळी उलटी. मी ती सुलटी करून ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. मला त्याची सवयच झाली होती. वर्षातून एकदा पहाटे उठायचं, दातांची तोंडं फिरवायची, अक्षता पुन्हा आत ठेवायच्या आणि चहा टाकायचा. काही लोक आईवडिलांच्या पाया पडतात, मी हे करत होते.

या रविवारी पहाटे उठले, झाकण उघडलं आणि हातच थांबला. साखळी सुलटी होती. दातांची तोंडं बाणाच्या बाजूला, ताण नेमका जितका हवा तितका, धार नवी. बाणाच्या खुणेवर कुंकवाचा ठिपका. मला बरं वाटायला हवं होतं. पण माझं काहीतरी कोणीतरी उचलून नेलं असं वाटून मी तिथेच बसून राहिले.

"काय बघतंस?" दादा पडवीच्या दाराशी चहा घेऊन उभे होते.

मी बाणावरच्या कुंकवाच्या ठिपक्याकडे बोट केलं.

"बुधवारी चाचाकडं गेलतो, धार लावाया. त्यानं दाखवला." त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "तीन वर्सं मी उलटी लावतो नि तू गुपचूप फिरवतंस. बोलली का न्हाईस?"

"तुम्ही हात लावत नव्हतात ना, म्हणून."

ते हसले. मग खाली बघतच बशीतला चहा संपवला. मला वाटलं ओशाळले, म्हणून मी म्हटलं, "जाऊ द्या दादा. उलटी तर उलटी. एवढ्या वर्षांत मला एक ओरखडासुद्धा आला नाही."

"कसा येईल?" दादा म्हणाले. "चेन उलटी लागली आसंल. नाव तर तुझंच सांगितलं व्हतं."